आग्वांतास? आग्वांतो.

४ जानेवारी

मुलीने तिच्या ऑफिसातली एक कोरी डायरी आणून दिली. वर्ष मागचं आहे, त्यामुळे छापलेले वार चुकीचे. तारखा तेवढ्या खऱ्या धरायच्या. अट अशी की रोज एक स्पॅनिश शब्द लिहायचा, अर्थ लिहायचा, त्याचं एक वाक्य करायचं. शिवाय दिवसभरात काय झालं ते चार ओळींत लिहायचं, म्हणजे सवय लागते म्हणे. मी म्हटलं, या वयात मला शाळेत का घालतेस? तर म्हणाली, "बाबा, तुझा जावई वर्षभरात मराठीत घासाघीस करायला शिकला. तू निदान त्याच्याकडे पाणी मागायला तरी शीक."

आजचा शब्द: आग्वा. पाणी. वाक्य: मला आग्वा दे. (अर्धं मराठी चालेल असं ठरलंय.)

जावई आमच्या काचेच्या दुकानात येऊ लागला त्याला आठवडा झाला. जावयाला कोणी काचा उचलायला लावतं का, असं लोक म्हणतील. लोकांचं काय जातंय बोलायला. मेव्हणा होता तोवर आमचं दोघांचं भागत होतं. अर्धं आयुष्य आम्ही काचेची दोन टोकं धरण्यात घालवलं, एक त्याने, एक मी. आता त्याचे गुडघे गेले आणि तो मुलाकडे राहायला गेला. मोठी काच एकट्याला उचलता येत नाही, मग तो कितीही पैलवान असो. जावई नोकरी शोधतच होता. मुलगी म्हणाली, "दुकान चाललं तर आम्ही इथेच राहू. नाही चाललं तर त्याच्या गावी जाऊ, समुद्रापलीकडे." हे ती हसत म्हणाली. मला काही हसू आलं नाही.

७ जानेवारी

शब्द: व्हेंताना. खिडकी. वाक्य: व्हेंताना फुटली की आमचं पोट भरतं.

जावई मराठी शिकला ती सगळी मुलीकडून. ती मला अरे-तुरे करते, म्हणून तोही करतो. "बाबा, तू चहा पी." बायको स्वयंपाकघरात जाऊन हसून येते. मी मात्र त्याला अहो-जाहो करतो. जावई तो जावई, तिथे सैलपणा नको.

आज त्याला धंद्याचा पहिला नियम सांगितला. काच हातातून सुटली की सोडायची आणि मागे सरायचं. झेलायला जायचं नाही. मेव्हणा म्हणायचा, काच बाजारात परत मिळते, बोटं मिळत नाहीत. जावयाला हे फार समजावावं लागलं नाही. तिकडे तो घरसामान हलवणाऱ्यांच्या गाडीवर होता. कपाटं, पियानो असलं सगळं जिन्यांवरून चढवलेलं आहे त्याने. हात चांगला आहे. अजून घाई करतो थोडी.

११ जानेवारी

औषधांच्या दुकानाची दर्शनी काच बसवली. काच उचलून उंबरा ओलांडतोय तोच जावई ओरडला, "आग्वांता!" मी पाणी शिकलेला माणूस. म्हटलं, हातात एवढं धूड आणि याला आत्ता तहान लागली? "बसवून झाल्यावर प्या," असं म्हणालो. तो थांबला, मी चाललो, काच कलली. पडली नाही. पण औषधवाला पांढरा पडला.

संध्याकाळी मुलीला विचारलं. ती म्हणाली, पाण्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. शब्द आहे आग्वांतार. सोसणं, सहन करणं, धरून राहणं, तग धरणं, हे सगळं त्यात येतं. सामान उचलणाऱ्यांची तिकडे रीतच आहे. अवघड जागा आली की एकाने विचारायचं, "आग्वांतास?" म्हणजे धरलंयस ना, झेपतंय ना? दुसऱ्याने म्हणायचं, "आग्वांतो." उत्तर आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि "आग्वांता" म्हणजे धरून ठेव, हलू नकोस.

मी म्हटलं, मी आणि मेव्हणा असलं काही बोलत नव्हतो. तो "हं" म्हणायचा, मी "हं" म्हणायचो, काच जागेवर बसायची.

बायको भांडी पुसत होती. ती म्हणाली, "एवढ्या शब्दाला एवढे अर्थ कशाला? आपल्यात म्हणतात ना, कळ काढणं. झालं." आणि वर, "बायकांना तो वेगळा शिकवावा लागत नाही."

वाक्य: मी आग्वांतो.

१६ जानेवारी

शब्द: तासा. कप. हा शब्द मुलीने मुद्दाम निवडला, कारण सकाळी माझ्या हातून कप पडला. नव्या कपांच्या दांड्या फार बारीक करतात, बोट नीट बसत नाही. मी तसं म्हणालो तर बायकोने तसलाच दुसरा कप उचलला, उलटसुलट करून बघितला आणि काही न बोलता ठेवून दिला. ती काही बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

उजवा हात त्या कुशीवर झोपल्याने बधिरतो. मुंग्या येतात, थोडं झटकलं की जातात. उशी बदलून बघणार आहे.

२२ जानेवारी

आज जे झालं त्यापुढे शब्दाला सुट्टी. मोठं काम आलं.

बाजारामागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर नाचाचा वर्ग निघतोय. वर्गाच्या बाई स्वतः दुकानात आल्या. एक पूर्ण भिंत आरशांची हवी, सहा आरसे, माणसापेक्षा उंच. शहराबाहेरच्या बड्या दुकानाने त्यांना सांगितलं की माल खालच्या दारापर्यंत पोचवू, जिना तुमचा तुम्ही बघा. लिफ्टमध्ये आरसा मावत नाही, खिडक्या लहान. म्हणून त्या आमच्याकडे आल्या. मी म्हटलं, बाई, जिना हाच तर आमचा धंदा आहे.

बाई गेल्यावर जावई म्हणाला, "बाबा, जिना वळतो?" मी म्हटलं, जिने वळतातच, तुमच्याकडे काय सरळ आकाशात जातात? तो हसला. मग माझ्या हाताकडे बघत राहिला. मी हात खिशात घातला, थंडी होती.

हे काम नीट झालं तर बाजारात नाव होईल. मग समुद्रापलीकडची भाषा कोण काढतंय बघू.

२९ जानेवारी

जावयाचं ते आग्वांतास आता फारच झालंय. उंबरा आला, आग्वांतास? पायरी आली, आग्वांतास? सपाट फरशीवरसुद्धा आग्वांतास? मी आग्वांतो आग्वांतो म्हणून दमलो. देवळातल्या घंटेसारखं झालंय, येणाऱ्याने वाजवायची.

गंमत म्हणजे काल मी बँकेत गेलो होतो तेव्हा शेजारच्या सुताराला मदतीला घेऊन त्याने जेवणाच्या टेबलाची काच पोचवली. मी परत येताना दोघे समोरून येत होते. चांगली जाड काच. रस्ता ओलांडला, फूटपाथ चढले, जावयाने एकदाही काही विचारलं नाही. सुताराला विचारलं तर म्हणाला, "नाही हो, मला कधीच विचारत नाही."

म्हणजे हा मान आहे. वडीलधारा म्हणून मला विचारतो. पोरगं संस्कारी आहे, हे मानायला हवं.

३ फेब्रुवारी

हिरकणीने काच कापताना रेघ वाकडी गेली. एक चांगला तुकडा वाया. काचेतच खोट असणार. जावयाने हिरकणी माझ्या हातातून काढून घेतली, अगदी अलगद, आणि म्हणाला, "मला शिकायचं आहे, बाबा." मग दिवसभर तोच कापत होता. शिकायची हौस आहे.

संध्याकाळी घरी आलो तर तो आणि मुलगी स्वयंपाकघरात भराभर त्यांच्या भाषेत बोलत होते. मी दारात दिसताच थांबले. एकच शब्द पुन्हा पुन्हा आला होता, तेवढा मी पकडला. मानो. जेवण झाल्यावर डिक्शनरीत बघितलं.

शब्द: मानो. हात.

आता कळलं. त्याच्या हातांचं चाललंय. काचेच्या कामाने हात फाटतात, चिरा पडतात. वैतागला असेल. मुलीजवळ तक्रार करत असेल की या कामात माझे हात गेले, आपण परत जाऊ. तिने काय उत्तर दिलं ते समजलं नाही. तिचा आवाज रडवेला होता एवढं खरं.

वाक्य सुचत नाही.

९ फेब्रुवारी

मनात ठेवून उपयोग नाही म्हणून आज दुकानात सरळ विचारलं. चहा पीत होतो. मी म्हटलं, "जावईबापू, इथे. या गावात, या कामात, आमच्यात. आग्वांतास?"

कप ओठाला लागायच्या आत त्याने उत्तर दिलं, "आग्वांतो, बाबा." आणि हसला. इतक्या पटकन म्हणाला की शंकेला जागाच नाही. बरं वाटलं. शब्द शिकण्याचा हा पहिला खरा फायदा.

त्याला हातांना लावायचं मलम आणून दिलं. तो मलमाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला.

१२ फेब्रुवारी

जिना बघून आलो. रुंदी ठीक, पण मधल्या वळणावर आरसा कठड्यावरून उचलून फिरवावा लागणार. तिथे वरच्या माणसाला काही क्षण एका हातावर धरावं लागतं, दुसरा हात खालच्या कडेला न्यायचा असतो. मेव्हण्याबरोबर असली वळणं शेकड्याने केलीत.

वाद झाला तो खालचं टोक कोण घेणार यावर. जिन्यात खालच्या माणसावर वजन येतं आणि वरच्यावर भरवसा. वरच्याने सोडलं तर आरसा सरळ खालच्याच्या अंगावर. मागे सरायला जागा नसते, तिथे धंद्याचा पहिला नियम चालत नाही. म्हणून खाली नेहमी मी राहायचो. जावई म्हणाला, "मी खाली." मी म्हटलं, जावयाला खाली उभं करून मी वर चढू? मुलीला काय तोंड दाखवू? तो म्हणाला, "बाबा, तू वर. मी खाली. नाहीतर मी येणार नाही." इतकं स्पष्ट मराठी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. रागाने माझं डोकं तापलं, पण बाईंना तारीख दिलेली आहे.

मग विचार केला, वरच्याला वजन कमी. हातालाही बरं. हे मी कोणाला बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१४ फेब्रुवारी

दोन आरसे चढले. देव पावला.

लिहायला त्रास होतोय, पेन निसटतं. म्हणून थोडक्यात. पहिला आरसा ठीक गेला. दुसऱ्याच्या वेळी वळणावर माझ्या उजव्या हाताची बोटं आहेत की नाहीत ते मला बघावं लागलं. होती. आरशाला चिकटवलेल्या रबरी हँडलभोवती नीट वळलेली होती. फक्त मला ती जाणवत नव्हती, दुसऱ्याची असावीत तशी. त्याच वेळी खालून आवाज आला, "आग्वांतास?" मी मोठ्याने म्हटलं, "आग्वांतो!" आणि आवाजाच्या जोरावर फिरवून नेला आरसा.

इथे खरं लिहितो, ही डायरी कोण वाचतंय. मी घाबरलो होतो. पण अजून चारच आहेत. चार वेळा वळण. मग हवं तर महिनाभर हात गळ्यात बांधून बसेन. आत्ता सांगितलं तर काम जाईल, दुकान जाईल आणि मागोमाग ती दोघं. हाताचं काय, हात आहेच.

सुतार दिवसभर जिन्यात घुटमळत होता. दरवाजांच्या बिजागऱ्या बघतोय म्हणे. अख्ख्या इमारतीत कोणाची बिजागरी कुरकुरत नव्हती. आणि जावयाच्या मागच्या खिशात रबराचे दोन जाड तुकडे होते. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, "असू दे."

१६ फेब्रुवारी

(हे मी लिहितेय, यांची बायको. हे पलंगावर बसून सांगणार आणि मी उतरवणार, असं ठरलंय. मध्ये मला काही म्हणायचं असेल तर कंसात म्हणेन.)

काल सकाळी तिसरा आरसा घेतला. मी वर, पाठ जिन्याकडे. जावई खाली. आरशाची काळी पाठ त्याच्याकडे होती, त्यामुळे तो मला दिसत नव्हता, खालच्या दोन कडांना त्याची बोटं तेवढी दिसत होती. पहिला जिना नीट चढलो. प्रत्येक पायरीला त्याचं विचारणं, माझं सांगणं.

वळण आलं. आरसा कठड्याच्या वर उचलला. आता माझा डावा हात खालच्या कडेला जायचा आणि सगळा भार क्षणभर उजव्यावर. त्याने विचारलं, "आग्वांतास?"

माझं तोंड उघडलं होतं. उत्तर तयार होतं, महिनाभर तेच देत होतो. तेवढ्यात माझी नजर हातावर गेली. हातमोज्यातली दोन बोटं हँडलवरून निघून आली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी बघितलं नसतं तर मला कळलंच नसतं.

(इथे माझं लिहिणं थांबलं होतं. यांनी पाणी प्यायलं, मग पुढे सांगितलं.)

त्याची बोटं मला दिसत होती. आरशाच्या कडेला, पांढरी पडलेली. मेव्हणा म्हणायचा बोटं बाजारात मिळत नाहीत. त्या बोटांच्या मागे माझ्या मुलीचा नवरा उभा होता आणि त्याच्या मागे खाली उतरत गेलेला जिना. उत्तर आलं नाही म्हणून त्याने पाऊल टाकलं नाही. खालून पुन्हा आवाज आला, पण तो शब्द नव्हता. नुसतं "बाबा?" असं म्हणाला.

मी म्हटलं, "नो."

मग पूर्ण वाक्य म्हटलं. "नो आग्वांतो." जन्मात कधी हे मराठीतसुद्धा म्हणालो नव्हतो.

तो म्हणाला, "ब्येन." त्यांच्यात याचा अर्थ छान, ठीक. मी आनंदाची बातमी दिल्यासारखं म्हणाला. आणि लगेच, एका पट्टीत, न ओरडता, "बाबा, एकदम सोडू नको. गुडघा लाव काचेला. डावा हात तिथेच. मी ठेवतो." रबराचे तुकडे कसे काढले, पायरीवर कसे टाकले, मला दिसलं नाही. आरसा हळूहळू खाली गेला आणि टेकला. सगळं वजन त्याने मांडीवर आणि खांद्यावर घेतलं होतं. घाम जिन्यावर पडत होता, त्याचा आणि माझा. मग त्याने सुताराला हाक मारली. एवढ्या लवकर कोणी येत नाही. सुतार दोन पायऱ्या खालीच उभा असणार. तो कठड्याच्या कडेने वर आला, माझ्या बगलेतून हात घालून त्याने वरचं टोक धरलं आणि म्हणाला, "काका, आता बसा तुम्ही."

मी पायरीवर बसलो. समोर आरसा. त्यात मी. शर्टाची बटणं एक सोडून एक लागली होती, एक बाजू वर, एक खाली. सकाळपासून मी तसाच फिरत होतो आणि घरात, दुकानात, रस्त्यात मला कोणी काही बोललं नव्हतं.

(हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. यांना माणसापेक्षा उंच आरसा लागला. बटणं मी बघितली होती. कप पडला तेव्हापासून बघतेय. जावई दुसऱ्याच दिवशी मला विचारून गेला होता, बाबांचा हात कधीपासून असा आहे? मी म्हटलं, तुम्ही विचारा. तो म्हणाला, मी रोज विचारतो.)

हे मला आत्ता, हिने लिहिता लिहिता सांगितल्यावर कळतंय. म्हणजे रोज, प्रत्येक पायरीला तो जे विचारत होता ते मान म्हणून नव्हतं. तो खरंच विचारत होता. आणि मी त्याला घंटा समजत होतो.

(आज मी यांना म्हटलं, मूठ झाकून ठेवायची तर आधी ती वळावी लागते. यांना राग आला नाही. मग मलाच रडू आलं.)

१८ फेब्रुवारी

(अजून मीच लिहितेय.) डॉक्टरांनी मनगटावर टिचक्या मारल्या, सुया टोचल्या. शीर दबली आहे म्हणाले. लहानसं ऑपरेशन आहे. मुंग्या जातील, पण पकड पूर्वीसारखी येईल असं सांगता येत नाही. एवढे महिने काय करत होतात, असं विचारलं. हे म्हणाले, आग्वांतो. डॉक्टरांना वाटलं औषधाचं नाव आहे.

२१ फेब्रुवारी

(हेही मीच.) जावयाने आणि सुताराने उरलेले आरसे चढवले. हे वळणावर उभे राहून सूचना देत होते. बाईंचा वर्ग वेळेवर सुरू झाला. मुली नाचायच्या आधी भिंतीसमोर रांगेत उभ्या राहून नुसत्या स्वतःकडे बघत होत्या, असं हे सांगत होते.

पण घरी गप्प आहेत. मी विचारलं तर म्हणाले, आता दुकानात माझी गरज काय? सुतार आहे. आणि सुताराचं स्वतःचं काम आहे, तो किती दिवस येणार? ती दोघं जातील बघ. मी यांचं ताट वाढलं. मला तरी कुठे ठाऊक आहे?

१० मार्च

आज पुन्हा मी लिहितोय. अक्षर मुंगीच्या पायाचं आहे, पण माझं आहे. टाके निघाले. अंगठ्यापासून दोन बोटांना स्पर्श लागतो, कापडाआडून लागावा तसा.

दुकानात जाऊन बसलो. जावई कापत होता. मी उजव्याने धरू शकत नाही, पण रेघ वाकडी जातेय का ते डोळ्यांना दिसतं. त्याने घाईघाईत हिरकणी ओढली की मी "हं" म्हणतो आणि तो थांबतो. माझं हं त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बायको चहा घेऊन आली आणि तावदानं पुसत बसली. मी जावयाला विचारलं. मागे विचारलं होतं तेच, पण मागच्या वेळी मी शब्द शिकलो होतो, कसा वापरायचा ते शिकलो नव्हतो. मागे त्याने लगेच उत्तर दिलं म्हणून मी खूष झालो होतो. आता मला लगेच आलेल्या उत्तराची भीती वाटत होती. मीच देत होतो ना तसली उत्तरं.

मी म्हटलं, "इथे. आग्वांतास?"

त्याने हिरकणी खाली ठेवली. हात पुसले. बाहेर रस्त्यावर एक ट्रक मागे घेत होते, तो पूर्ण लागेपर्यंत बघत राहिला. मला वाटलं प्रश्न कळला नाही. मग म्हणाला, "आ बेसेस, नो." आणि स्वतःच मराठीत सांगितलं, "कधी कधी नाही, बाबा." त्याची आई एकटी आहे. फोनवर ती नेहमी सगळं ठीक आहे म्हणते, आणि किती लवकर म्हणते ते तो ऐकतो. गेल्या वर्षापासून तो हे आमच्या मुलीलासुद्धा नीट बोलला नव्हता, कारण ती लगेच सामान बांधेल आणि मग मी एकटा पडेन.

महिनाभर मी ज्याला भीत होतो ते हेच. वाटलं होतं तसं ऐकल्यावर काही तुटलं नाही. उलट बरं वाटलं, कारण आज पहिल्यांदा तो माझ्याशी पाहुण्यासारखा बोलला नाही. वाईटही वाटलं. दोन्ही एकदम वाटतं, हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "ब्येन." मग जरा वेळाने म्हटलं, "मग ठेव खाली थोडा वेळ. जा, आईकडे राहून ये. तिलाही विचार. पण उत्तर येईपर्यंत थांब हं. दुकान मी बघतो, सुतार आहे. आलास की परत उचलू."

त्याने पेला उचलून चहा प्यायला, पेला खाली ठेवला आणि पुन्हा कापायला लागला. रेघ सरळ गेली.

संध्याकाळी घरी येताना बायको म्हणाली, "जावयाला अरे-तुरे कधीपासून?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं.